चौकटीखालचा खडक

३ ऑगस्ट

बारक्या,

सव्वीस वर्षांनी हे पत्र लिहिते आहे ते माया उफाळून आली म्हणून नव्हे. कारण एक फॉर्म आहे. क्रूझ कंपनीचा, पिवळा, दोन पानी. ऑक्टोबरच्या बारा तारखेला त्यांचं जहाज तुझ्या बेटाबाहेर नांगर टाकून साडेसहा तास थांबणार आहे. कंपनीच्या सहलीबरोबर न जाता ज्याला बेटावर एकट्यानं उतरायचं आहे आणि ज्याचं वय सत्तरच्या पुढे आहे, त्यानं बेटावरच्या एका रहिवाशाची सही आणायची असा नियम आहे. 'या व्यक्तीला शेवटच्या बोटीच्या आधी धक्क्यावर आणून सोडण्याची जबाबदारी माझी', असं त्या सहीच्या वर छापलेलं आहे. मला बहात्तर पूर्ण झाली. त्या बेटावर मी एकाच रहिवाशाला ओळखते.

तिकीट काढून देणारी मुलगी मला समजावत होती. "आजी, सहलीतच जा ना. बस आहे, दीपगृह दाखवतात, शिंपल्यांच्या दुकानात चहा देतात. सगळं आपोआप होतं."

मी म्हटलं, "आपोआप होणाऱ्या गोष्टींचा मला कंटाळा आहे. आणि मी तुमची आजी नाही."

"मग मावशी?"

"बाई म्हणा. तेवढं पुरे."

मला दीपगृह पाहायचं नाही. एक कागद द्यायचा आहे. बेटाच्या मोजणीचा मूळ तक्ता, तुझ्या हातचा. ईशान्य कोपऱ्यात तू खडकाची फुली मारली होतीस, तोच. चौकशीच्या वेळी साऱ्या कचेरीत शोधूनही मिळाला नाही, तोच. जुलैत कपाट आवरताना सापडला.

आता घाई का, तेही सांगते. माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी हल्ली आमच्या नकाशा कचेरीची प्रमुख आहे. तिचा फोन आला होता. बेटाचा नवा नकाशा डिसेंबरात छापायला जाणार आहे आणि या वेळी बेटावरच्या लोकांनी ठेवलेली नावंही त्यात येणार आहेत. त्या खडकाचं नाव तिनं मला वाचून दाखवलं. आंधळ्याचा खडक. "असं का बरं म्हणत असतील, मॅडम? तुम्हीच तर जुना नकाशा काढला होता." मी म्हटलं, शोधून सांगते.

शोधायचं काय त्यात? आंधळा म्हणजे तू. समोरचा खडक ज्याला दिसला नाही तो मोजणीदार. ज्याची बोट त्या खडकावर फुटली आणि गुडघ्याखाली पाय गेला, त्या बोटवाल्यानं ते नाव ठेवलं. लोकांच्या तोंडचं नाव लोकांबरोबर जातं. छापलेलं जात नाही. अडतीस वर्षं मी नावं छापून घेतली आहेत, मला ठाऊक आहे.

फॉर्म सोबत आहे. सही कर किंवा करू नकोस. तिकीट मी काढलेलं आहे. सही आली नाही तर डेकवर उभी राहून बेट पाहीन, पण येईन.

ताई

२१ ऑगस्ट

बारक्या,

तुझं कार्ड मिळालं. 'येऊ नकोस.' खाली सही नाही, वर मायना नाही. पत्त्यात मात्र पिनकोड बरोबर आहे, म्हणजे हात थरथरत नाहीत. बरं वाटलं.

मी येणार आहे. बेट तुझ्या मालकीचं नाही. समुद्रही नाही.

इथं घरात दुसरी आघाडी उघडली आहे. मुलगा वरच्या मजल्यावर राहतो, पण तिकिटाची बातमी कळल्यापासून माझ्याच खुर्चीत बसलेला असतो.

"आई, गुडघा बघ तुझा."

"तो माझ्याबरोबरच येणार आहे."

"सहलीच्या लोकांना उशीर झाला तर जहाज थांबतं. एकट्या माणसासाठी थांबत नाही."

"वाचलंय मी. नियम अकरा."

"मग?"

"मग मी उशीर करणार नाही."

सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, कशाला अडवता त्यांना? त्यांनी ते बेट काढलंय. आता चुकलं तर बेटच चुकेल, त्या नाही चुकायच्या."

ही मुलगी मला आवडते. तिला कधी तसं सांगितलेलं नाही, लगेच सांगायचा बेतही नाही.

ती म्हणाली ते खरं आहे. बेट मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण त्याची प्रत्येक रेषा माझ्या हातून गेली आहे. मोजलंस तू, काढलं मी. काल नकाशा टेबलावर पसरून कर्कटकानं अंतर घेतलं. तुझ्या कार्डावर पत्ता 'दवाखान्यामागे' असा आहे आणि दवाखाना माझ्या नकाशात आहे. धक्क्यापासून तिथपर्यंत अकराशे चाळीस मीटर, चढ बत्तीस मीटर. आमच्या इमारतीचे चार मजले पावणेतीन वेळा चढले की तेवढा होतो. रोज सकाळी चढते. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ दार उघडून विचारतात, "आज काय विसरलात?" आठवड्यात चार वेळा विचारून झालं. पाचव्या वेळी मी म्हटलं, "माणुसकी." त्यानंतर दार उघडलेलं नाही.

वेळापत्रक असं. नऊला नांगर. तुमचा धक्का लहान, मोठं जहाज लागत नाही, म्हणून जहाजाच्या छोट्या बोटी माणसं नेतात. आधी सहलीवाले, मग आम्ही सुटे, चिठ्ठीवरच्या नंबरानं. माझा नंबर सव्वादहाच्या सुमारास यावा. माझ्या चालीनं चाळीस मिनिटं धरली आहेत. अकराला तुझ्या दाराशी. शेवटची बोट तीनला सुटते, मी दोन वीसला धक्क्यावर असेन. म्हणजे चाळीस मिनिटं राखीव. दारात उभं ठेवलंस तरी चालेल, तेवढा वेळ मी उभी राहू शकते. तपासून पाहिलं आहे.

एक गोष्ट मात्र ऐकली आणि खटकली. जहाजाच्या बोटी धक्क्यावर आणणारा वाटाड्या तूच आहेस, असं तिकीटवाल्या मुलीच्या यादीत दिसलं. 'स्थानिक वाटाड्या, अनुभव पंचवीस वर्षं.' ज्या खडकानं तुझी नोकरी घेतली त्याच्याच शेजारून रोज बोटी काढतोस. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण म्हणा.

ताई

९ सप्टेंबर

बारक्या,

तुझ्या बायकोचं पत्र आलं. दवाखान्याच्या कागदावर, नर्सबाईंचं असतं तसं वळणदार अक्षर. तिनं मला 'वन्सं' म्हटलं आहे. मला भाऊ एकच आणि त्याच्या लग्नाला मी नव्हते, त्यामुळे हा शब्द माझ्या वाट्याला कधी आलाच नव्हता. दोनदा वाचला.

ती लिहिते: "वन्सं, यांनी तुमचं पत्र वाचलं नाही असं दाखवलं, पण फाडलंही नाही. फॉर्मवर सही मी करीन. अट एकच. 'कपाट आवरताना सापडला' हे खोडा आणि खरं काय ते लिहा. हे म्हणतात, ताईच्या कपाटात एखादी गोष्ट सव्वीस वर्षं सापडायची राहत नाही. तिथं टाचणीलाही ठरलेली जागा असते."

बरं. घे तर मग.

सापडला नाही. तो कुठं आहे हे मला रोज माहीत होतं. इस्त्रीच्या चादरींखाली, सपाट, घडी न घालता. घडी घातली तर शाई तडकते. घर दोनदा बदललं, दोन्ही वेळा तो मी मांडीवर घेऊन टेम्पोत बसले.

आता नकाशाचं. तुझा तक्ता माझ्या टेबलावर आला तेव्हा त्यावर फुली होती, खोलीचा आकडा होता, तुझी आद्याक्षरं होती. मी तो शाईनं उतरवायला घेतला. साहेब आले आणि म्हणाले, शीर्षकाची चौकट ईशान्य कोपऱ्यात घाला. त्या मालिकेतल्या बाकी सगळ्या नकाशांत ती तिथंच होती. एकत्र बांधणी केली की पानं उलटताना चौकटी एकाखाली एक याव्यात असा त्यांचा हट्ट होता. मी म्हटलं, "तिथं खडक आहे." ते म्हणाले, "तिकडून बोटी जातात कुठं? समासात टीप द्या." म्हणून मी चौकट काढली, वर बेटाचं नाव रेखलं, खाली प्रमाण. खडक त्या चौकटीखाली गेला. टीप मी समासात पेन्सिलीनं लिहिली. शाई नंतर देणार होते, कारण अक्षराचा आकार ठरला नव्हता.

नकाशा छापायला जाण्याआधी पेन्सिलीच्या सगळ्या रेघा पुसायच्या असतात. तुला माहीत आहे माझा कागद कसा जायचा. छापखान्यातले लोक म्हणत, बाईंच्या कागदावर माशीसुद्धा पाय पुसून बसते. त्या शनिवारी मी खोडरबर घेतलं आणि कोपऱ्याकोपऱ्यातून फिरवलं. रेघा गेल्या. त्यांच्याबरोबर टीपही गेली. भुकटी मी ब्रशनं झाडली. कुणी फसवलं नाही, कुणी घाई केली नाही. मला स्वच्छ कागद हवा होता आणि तो मिळाला.

दोन वर्षांनी बोट फुटली. माझ्या ध्यानात ते त्या सकाळी वर्तमानपत्र हातात धरल्याक्षणी आलं. त्याच दुपारी तुझा तक्ता मी दप्तरातून घरी नेला. पाहून परत ठेवीन असं ठरवून नेला होता. परत ठेवला नाही.

चौकशीत तू म्हणालास, "फुली मी मारली होती. ताईला विचारा, कागद तिच्या टेबलावर होता." सगळे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "मला आठवत नाही."

त्या महिन्यात माझी बढती होती. मुख्य आरेखक, त्या कचेरीतली पहिली बाई. ही सबब नाही, कारण आहे. दोन्हींतला फरक तुला करायचा तर कर.

परवा साहेबांकडे गेले होते. शहाऐंशी वर्षांचे झालेत, पण दाढी रोज घोटून. मी माझं निवेदन लिहून नेलं होतं. ते वाचून चष्मा काढून म्हणाले, "झाकली मूठ होती, बाई. आता कशाला उघडता?"

"मुठीत दुसऱ्याचं बोट अडकलंय, साहेब."

"मी फक्त चौकट कुठं घालायची तेवढंच सांगितलं."

"तेवढंच लिहिलंय. पुढचं सगळं माझ्या नावावर आहे. तुमच्या परिच्छेदाखाली सही करा."

त्यांनी कागद बोटानं माझ्याकडे सरकवला आणि चहा मागवला. मी चहा घेतला नाही. त्यांच्या सहीवाचून काही अडत नाही.

आणि एक. मी माफी मागायला येत नाही. माफी मागितली की समोरच्याला ती द्यावी लागते किंवा नाकारावी लागते, म्हणजे काम पुन्हा तुझ्याच गळ्यात. मी कागद द्यायला येते आहे.

तुझ्या बायकोला सांग, अट पुरी केली.

ताई

२७ सप्टेंबर

बारक्या,

या वेळी तू स्वतः लिहिलंस, चक्क पाच ओळी. इथं उतरवून घेते, म्हणजे पुढे 'मी असं म्हटलंच नव्हतं' असं व्हायला नको:

'कागद मला नको. खडक कुठं आहे ते मला माहीत आहे, तेव्हाही होतं. नाव बोटवाल्यानं ठेवलंय, काढायचं तर तो काढेल. पाय त्याचा गेला, माझा नाही. सांगायचं असेल तर त्याच्या तोंडावर सांग.'

माझ्या मनात नव्हतं. तुझ्यासमोर उभं राहायची तयारी मी केली होती. त्याच्यासमोर उभं राहायची केली नव्हती. तू हे ओळखून लिहिलंस की नाही, मला माहीत नाही. ओळखून लिहिलं असशील तर तुला माझी चांगली पारख आहे.

मुलगा म्हणाला, "मग सरळ रजिस्टर पोस्टानं पाठव त्या माणसाला. पत्रात सगळं लिही. एवढा खटाटोप कशाला?"

"पोस्टानं आलेला कागद उघडताना पाठवणाऱ्याचं तोंड समोर नसतं."

"तेच तर म्हणतोय. बरंच आहे ना ते?"

"तेच नको आहे मला."

तो उठला. मग माझ्या बॅगेच्या चाकात तेल घालत बसला. तेही चाललं.

तेव्हा बेत बदलला आहे. तुझ्या घराचे अकराशे चाळीस मीटर यादीतून काढले. बोटवाल्याची शेड तुझ्या बायकोनं पेन्सिलीनं नकाशावर दाखवून पाठवली. धक्क्यापासून सहाशे दहा मीटर, सगळा सपाट रस्ता, शेवटचा भाग वाळू. माझ्या जिन्याच्या कसरतीचा काही उपयोग होणार नाही. सहीचा फॉर्मही आला. 'प्रवाशाशी नातं' या रकान्यात तिनं 'नणंद' लिहिलं आहे आणि खाली दवाखान्याचा शिक्का मारला आहे. कंपनीची मुलगी म्हणाली, शिक्क्याची गरज नव्हती. मी म्हटलं, असू दे.

मला त्या माणसाची भीती वाटते. लिहून झालं. आता पुढचं.

निवेदनाच्या तीन प्रती केल्या आहेत. एक त्याला, एक नवीन प्रमुख मुलीला. तिसरी तुला हवी असेल तर, नाहीतर माझ्याकडे. कचेरीची प्रत मी निघण्याच्या दिवशी पेटीत टाकणार आहे. परत येऊन टाकणार नाही, कारण परत आल्यावर माणसाला शहाणपण सुचतं. तिथं काय व्हायचं ते होऊ दे. या वयात मला नोकरीवरून कोण काढणार आहे?

बाराला सकाळी तू बोटींवर असशील. मला पाहिलं नाहीस तरी चालेल. बोट नीट ने.

ताई

१३ ऑक्टोबर, जहाजावर

बारक्या,

काल जे तुझ्यासमोर झालं ते लिहीत नाही. जे तुझ्यामागे झालं तेवढं सांगते.

माझी चिठ्ठी एकशे बारा नंबरची निघाली. लाटा मोठ्या होत्या, म्हणून बोटी हळू सोडत होते. माझा नंबर पुकारला तेव्हा दहा पन्नास झाले होते. राखीव चाळीसमधली पस्तीस मिनिटं तिथंच गेली. माझ्या केबिनमधली बाई, शिवणकाम करायची, सहलीच्या बोटीत आधीच गेली होती. जाताना म्हणाली, "तुम्ही सुटं जाण्यात काय मिळवलंत सांगा." मी म्हटलं, संध्याकाळी सांगेन.

बोटीत तू पुढे उभा होतास, आमच्याकडे पाठ करून. केस सगळे पांढरे. मी तिसऱ्या बाकावर होते. तुझा शर्ट मागून खांद्यावर उसवला आहे, तेवढं बायकोला सांग. मग तू उजवीकडे न पाहता उजवा हात वर केलास आणि चालवणाऱ्यानं बोट डावीकडे घेतली. तेव्हा मला तो दिसला. लाट मागे गेली की काळा, ओला, टेबलाएवढा. लाट आली की काही नाही. मी आयुष्यात काढलेला सगळ्यात सुंदर मथळा नकाशात त्याच्यावर आहे. माझ्या शेजारचा मुलगा आईला म्हणाला, "ते काका बघत पण नाहीत, तरी त्यांना कळतं." धक्क्यावर तू सगळ्यांना हात देऊन उतरवत होतास. माझाही कोपर धरलास. सगळ्यांचा धरतोस तसाच धरलास, हे मी पाहिलं. गैरसमज करून घेतलेला नाही.

बोटवाला शेडमध्ये उपड्या बोटीला रंग देत होता. कुबडी भिंतीला टेकवलेली. मला वाटलं होतं धिप्पाड असेल. माझ्याहून बुटका आहे.

"सहल वरच्या रस्त्यानं जाते," तो म्हणाला. "इथं बघण्यासारखं काही नाही."

"मी सहलीतली नाही. तुमच्या खडकाचा नकाशा मी काढला."

"तो काढणारा इथंच राहतो."

"त्यानं मोजला. काढला मी. त्याला खडक दिसला होता. मी तो झाकला आणि पुसला."

त्यानं ब्रश डब्यावर आडवा ठेवला. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. चौकट, टीप, शनिवार, खोडरबर, चौकशी. मध्ये थांबले नाही, कारण थांबले असते तर त्याचं तोंड पाहावं लागलं असतं. मग पाहिलं.

"खोडरबरानं," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे माझा पाय खोडरबरानं गेला."

"हो."

तो हसायला लागला. बराच वेळ हसला. मला ते हसणं आवडलं नाही, पण त्याला थांबवणारी मी कोण? मग हसू गेलं आणि तो म्हणाला, "सव्वीस वर्षं मी त्या माणसाशी बोललो नाही. माझ्या पोराची बोट तो रोज त्या खडकाच्या बाजूनं काढून देतो. पोर त्याच्याकडेच शिकला. मी बोललो नाही."

"एकदाही नाही?"

"एकदा. त्याच्या लग्नात. म्हटलं, पायरी दिसते ना?" त्यानं डब्यावरचा ब्रश सरळ केला. "सगळे हसले. तोही हसला."

हे तू मला कधी सांगितलं नसतंस, म्हणून लिहिते आहे. मला कळलं आहे एवढं तुला कळावं.

मग त्यानं विचारलं, "आता का आलात? मरताना बरं वाटावं म्हणून?"

"मरताना कसं वाटतं ते तेव्हा बघीन. डिसेंबरात नकाशा छापायला जाणार आहे आणि त्यात तुम्ही ठेवलेलं नाव येणार आहे. तुमच्या अर्जाशिवाय ते निघत नाही."

"सव्वीस वर्षं तोंड शिवून बसलात आणि आता मला तारीख सांगता?"

"हो. तारीख खरी आहे. बाकी तुम्ही म्हणता तेही खरं आहे."

मी तक्ता उलगडला आणि बोटीच्या रंग नसलेल्या भागावर पसरला. त्याला जवळचं नीट दिसत नाही. कागदावर बोट फिरवत फिरवत ईशान्य कोपऱ्यात आला आणि तिथं थांबला.

"ही फुली त्याची?"

"त्याची. त्याच्या फुलीचा एक हात नेहमी लांब असतो. शाळेत मार खायचा त्याबद्दल."

"कुणाचा?"

"माझा."

तेव्हा तो पुन्हा हसला, पण हे हसू निराळं होतं. म्हणाला, "नाव काढलं तर ठेवू काय त्या जागी? तुमचं ठेवू?"

"ठेवा." मी मनापासून म्हटलं. त्यासाठीही तयार होऊन आले होते.

"तुम्हाला इथं ओळखतं कोण? पोरं विचारतील, ही कोण बाई, आणि मला दर वेळी खोडरबराची गोष्ट सांगत बसावं लागेल. मला कामं आहेत."

"मग काहीच ठेवू नका. फुली आणि खोलीचा आकडा, बोटीला तेवढं पुरतं."

"तेव्हाही पुरलं असतं," तो म्हणाला.

मग त्यानं कुबडी घेतली. मी म्हटलं, कागद ठेवून घ्या, मी निघते, माझी बोट आहे. तर म्हणाला, "असा नाही घेणार. तुमच्याकडे कागद हरवतात. बंदर कचेरीत चला, नोंद करून द्या." आम्ही निघालो. वाळूतून दोघांचे मिळून धड पाय अडीच. एकमेकांना आधार द्यायचा प्रश्नच नव्हता, दोघंही पडलो असतो. कचेरीत पोचलो तेव्हा दोन वाजत आले होते. कारकून म्हणाला, साक्षीदार हवा, आणि खिडकीतून धक्क्यावरच्या पहिल्या दिसलेल्या माणसाला हाक मारली. तो तू होतास.

तिथून पुढचं तुला माहीत आहे. बोटवाला तुला 'ये, बस' म्हणाला ते मी ऐकलं. त्यानंतर काय बोललात ते ऐकलेलं नाही; मी मुद्दाम भरती-ओहोटीचा तक्ता वाचत होते. त्यात दोन चुका आहेत, कारकुनाला सांगितल्या.

मी दोन पस्तीसला बोटीत बसले. शिंपीणबाईंनी संध्याकाळी विचारलं, काय मिळवलंत. मी म्हटलं, मिळवायला नव्हते गेले.

नोंदीची तुझी प्रत तू न वाचता खिशात कोंबलीस. तो शर्ट धुवायला जाईल. म्हणून माझ्या प्रतीवरून खाली उतरवून पाठवते, जशी आहे तशी, दुरुस्तीसकट.

ताई

नोंद. बंदर कचेरी. १२ ऑक्टोबर, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं.

दिलं ते: बेटाच्या मोजणीचा मूळ तक्ता, नग एक. कडा जीर्ण, बाकी सुस्थितीत. ईशान्य कोपऱ्यात खडकाची फुली, खोली एक पूर्णांक दोन मीटर, मोजणीदाराची आद्याक्षरं व तारीख. सोबत देणारीचं सही केलेलं निवेदन, पानं दोन.

घेतलं ते: खडकाचं 'आंधळ्याचा खडक' हे नाव नकाशातून काढावं असा घेणाऱ्याचा अर्ज, पान एक. त्याऐवजी सुचवलेलं नाव: काही नाही.

देणारी: निवृत्त मुख्य आरेखक. सही.

घेणारा: बोटवाला. सही.

साक्षीदार: बंदराचा वाटाड्या. सही.

साक्षीदाराचं देणारीशी नातं: कारकुनानं लिहिलेलं 'नाही' एका रेघेनं खोडलं आहे. त्यावर निराळ्या अक्षरात 'सख्खा भाऊ'. दुरुस्तीशेजारी साक्षीदाराची आद्याक्षरं.